सुरू न होणारी जुनी व्हॅन : नव्या ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी काही अनुभव

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून इंदुरात कामाला लागलेली मुले मला नेहमी विचारतात, की चावी फिरवूनही जुनी व्हॅन सुरू होत नसेल तर सर्वांत आधी काय बदलून पाहावे. काहीही बदलू नये, आधी मोजावे, असे मी सांगतो. आणि तेही गाडी स्वस्थ उभी असताना नव्हे, तर सेल्फ, म्हणजे इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर, विजेचा भार ओढत असताना मोजावे. आमच्या कामातला बराचसा फुकट गेलेला पैसा भाराविना घेतलेल्या मापावर विश्वास ठेवल्यामुळे गेलेला असतो.

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे ती ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. टिफिन पोहोचवण्यापासून लग्नाच्या केटरिंगपर्यंतच्या कामांत ती आजही दिसते आणि शिकणाऱ्याच्या हाती बहुधा तीच पहिली येते. तिचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनाखाली असल्याने खालून उडणारे पाणी आणि चिखल जोडण्यांपर्यंत सहज पोहोचतात, हे पक्के ध्यानात ठेवावे.

काम सुरू करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे, आणि बॅटरी सोडवायची असेल तर निगेटिव्ह केबल आधी काढावी. नंतर हेडलाइट लावून कोणाला तरी चावी फिरवायला सांगावी आणि आपण नीट पाहावे व ऐकावे. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे, तिचे टर्मिनल खराब आहे किंवा सेल्फ आतून अडकला आहे. दिवे तसेच राहून केवळ ‘कट्’ असा आवाज आला तर जाड केबल, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी बॉडी व इंजिनाचा जोड) किंवा सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे, संपर्क तपासावेत. आवाजच आला नाही, तर सोलेनॉइडपर्यंत चावीचा करंट पोहोचत नाही असे धरून चालावे.

काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ असेल तर ती अर्धी रिकामी समजावी. मात्र १२.६ दाखवणारी बॅटरीही आतून संपलेली असू शकते, म्हणून सेल्फ फिरत असताना पुन्हा मोजावे. तेव्हा आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आधी चार्ज करून तपासावी.

रामबागेतल्या एका टिफिनवाल्या काकूंची ओम्नी माझ्याकडे आली, तेव्हा बॅटरी नवी होती आणि सेल्फही दुसरीकडे उघडून त्याचा कार्बन (आत करंट पोहोचवणारा ब्रश) बदलून झाला होता. तरी सकाळी ‘कट्’ होऊन गाडी गप्प बसायची. चावी फिरवलेली असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट होते, पण सेल्फच्या मोठ्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत अवघे ७.६. म्हणजे ४.६ व्होल्ट वाटेतच हरवत होते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा चावी फिरवली, तर जवळजवळ तेवढेच व्होल्ट तिथे सापडले. निरोगी गाडीत ते ०.२ च्या आसपास असावेत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा खरा संबंध अर्थच्या विणलेल्या पट्टीतूनच येतो. ती पट्टी वरून धड दिसत होती, पण लगमध्ये, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या टोकाच्या धातूच्या कडीत, शिरते तिथे तांबे हिरवे पडून बहुतेक तारा तुटल्या होत्या. छोटी ग्वालटोलीतून नवी पट्टी आणली, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडून धातू चमकवला, बोल्ट कसून वर पेट्रोलियम जेली लावली आणि सेल्फ जोमाने फिरला. ओममीटरने ही पट्टी बहुधा ठीकच ठरली असती, कारण ०.०१ ओमचा अडथळा साधा मीटर धड दाखवतही नाही आणि १०० अँपिअरला मात्र तोच १ व्होल्ट खातो.

आवाजच येत नसेल तेव्हा सोलेनॉइडच्या बारीक तारेवर, म्हणजे ५० क्रमांकाच्या टर्मिनलवर, टेस्ट लॅम्प (तपासणीचा छोटा बल्ब) लावावा. डिजिटल मीटर एका शिल्लक धाग्यावरही १२ व्होल्ट दाखवून फसवतो. बल्ब करंट ओढतो, म्हणून त्याची साक्ष मी अधिक मानतो. लॅम्प मंद पेटला तर इग्निशन स्विचचे घासलेले संपर्क किंवा वाटेतला कपलर (तारा जोडणारा प्लग) पाहावा. तो दोष दूर करणे जमण्यासारखे नसेल, तर बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी तार घेऊन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळून काम भागवणे मात्र कधीही करू नये, त्याने वायरिंग पेटते.

सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, हे प्रकरण निराळे. तिथे स्पार्क आणि पेट्रोल पाहावे लागते.

गाडी सुरू झाल्यावर लगेच पैसे घेऊन मोकळे होऊ नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. न आल्यास अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासावा. चार्जिंग ठीक असूनही रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर निगेटिव्ह केबल काढून मधे अँपिअर मीटर जोडावा आणि ५० मिलिअँपिअरहून अधिक करंट वाहत असल्यास एकेक फ्यूज काढून तो कोणत्या वाटेने जातो ते शोधावे. जुन्या व्हॅनमध्ये नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा रिव्हर्स हॉर्न यांचे जोड आधी उघडावेत. मीटर असा जोडलेला असताना चावी मात्र फिरवू नये, कारण त्याचा १० अँपिअरचा फ्यूज सेल्फच्या ओढीपुढे क्षणात उडतो.