बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट वाचताना

अमेरिकेत शहराबाहेर, शेतांच्या कडेला घर घेणाऱ्या मराठी मंडळींना मी आधी एकच विचारते: तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?

गावाच्या योजनेचं असेल तर दरवर्षी १ जुलैपर्यंत आदल्या वर्षीच्या पाण्याचा अहवाल ग्राहकांना द्यावाच लागतो. तो मागून घ्या. पण घराची स्वतःची बोअर असेल, तर १९७४ चा सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्ट, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा, तिला लागू नाही. आमची बोअर मक्याच्या शेतांना लागून आहे. तिचं पाणी आम्ही तपासलं नाही, तर दुसरं कुणी तपासणार नाही.

वर्षातून एकदा तरी कोलिफॉर्म (पाणी दूषित झाल्याची खूण देणारे जिवाणू), नायट्रेट (शेतातल्या खतांतून पाण्यात उतरणारं), पीएच (आम्लता) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) बघा. पूर आला किंवा बोअरचं काम निघालं, की पुन्हा. तुमच्या भागात आर्सेनिकसारखं आणखी काय तपासायला हवं, ते काउंटीच्या आरोग्य खात्याला विचारा. घरातल्या टीडीएस मीटरवर कृपा करून विसंबू नका. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जिवाणू त्याला कळत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा तर लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, एवढंसं त्याच्या आकड्यात दिसणारच नाही.

कोलिफॉर्मसाठी लॅबचीच निर्जंतुक बाटली घ्या आणि ती विसळू नका. आतली पूड क्लोरीनचा परिणाम घालवण्यासाठी असते. नळाची जाळी काढा, थंड पाणी थोडा वेळ वाहू द्या, झाकणाच्या आत बोट लावू नका. बाटली बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. शिशाचं उलट आहे: रात्रभर नळ न वापरता सकाळचं पहिलं पाणी धरायचं, कारण शिसं बहुधा घरातल्याच जुन्या पाइपांतून आणि जोडांतून उतरतं.

ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा कोलिफॉर्म जिवाणू, निघाला तर बोअर निर्जंतुक करून फेरतपासणी होईपर्यंत पाणी खळखळून एक मिनिट उकळूनच प्या.

नायट्रेटचा आकडा मात्र सावकाश वाचा. अमेरिकेची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम, पण ती नायट्रोजनच्या हिशेबात. भारतीय मानकातलं ४५ हे नायट्रेटच्या हिशेबात. दोन्ही जवळपास एकच. त्यामुळे ‘नायट्रेट-एन १२’ (म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबात १२) वाचून ‘आपल्याकडे ४५ चालतं’ असं म्हणू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर अशा पाण्यात कालवली, तर त्याच्या रक्ताला पुरेसा प्राणवायू वाहून नेता येत नाही. ते जिवावर बेतू शकतं. इथे उकळणं उपयोगाचं नाही, पाणी आटून नायट्रेट उलट दाट होतं. बाळासाठी त्याच दिवशी बाटलीबंद पाणी आणा. मग आरओ बसवा, आणि त्यातून आलेलं पाणीही लॅबला पाठवा.