युरोपचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की पहिल्या पाचांत हे वाक्य हमखास भेटतं: "१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून युरोपीयांनी सागरी मार्ग शोधला." पोरांना काय बोलणार, कैक वर्षं मीच ते फळ्यावर लिहिलंय. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतलं सेउटा १४१५ला घेतलं. मार्ग बंद व्हायच्या ३८ वर्षं आधी ते तिथं काय करत होते?" "उद्या सांगतो" म्हणून तास आवरला. घरी पुस्तकं काढली, तर व्हेनिसचे व्यापारी १४५३ नंतरही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात मिरी घेतच होते! उस्मानी तुर्कांनी इजिप्त जिंकला तोच १५१७ साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरल्यावर १९ वर्षांनी. मिरीवरचा व्हेनिसचा मक्ता पोर्तुगालच्या डोळ्यांत खुपत होता, हे माझ्या फळ्यावर कधी आलंच नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे "युरोपीय आले", जणू सगळे एकाच गलबतातून उतरले. १६६१च्या तहात पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण गेली हे सगळे लिहितात. का दिली, हे कुणी लिहीत नाही. स्पेनपासून १६४०ला फुटलेल्या पोर्तुगालला इंग्लंडचा आधार हवा होता, पूर्वेकडे डच त्याची ठाणी गिळत होते. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला मात्र हे बेट सोडवेना. ताबा द्यायला १६६५ उजाडलं.

तीस वर्षांचं युद्ध (१६१८–४८) निव्वळ धर्मयुद्ध नव्हे: कॅथलिक फ्रान्सचा कार्डिनल रिशल्यू प्रोटेस्टंट स्वीडनला पैसे पुरवत होता. पहिलं महायुद्धही एका गोळीनं पेटलं असं लिहू नका: ऑस्ट्रियाच्या युवराजावर साराजेवोत झाडलेली गोळी २८ जून १९१४ची, ऑस्ट्रियाची सर्बियाविरुद्ध युद्धाची घोषणा २८ जुलैची; मधला महिना वाचा.

माझी सवय सांगतो. पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे युरोपातली भांडणं, उजवीकडे समुद्रापारच्या घडामोडी. डावीकडे सात वर्षांचं युद्ध (१७५६–६३) लिहिलं की उजवीकडे भारतातल्या प्लासी (१७५७) आणि वांदिवाश (१७६०) या लढाया आपसूक शेजारी येऊन बसतात. दोन संध्याकाळी लागतात. शेवटच्या आठवड्यात 'वन-लायनर' नोट्स शोधत फिरणाऱ्यांना तेवढ्याही नसतात. त्यांनी १४५३चं वाक्य खुशाल लिहावं; निम्मे गुण मी देतो.