उठावदार पॅनेलचे कपाटाचे दार: सोलापूरच्या हवेचा हिशेब धरून

या दारात चार पट्ट्यांची चौकट असते आणि तिच्या आतल्या कडेच्या खाचेत मधोमध उंच ठेवलेले पॅनेल बसते. या पॅनेलला चौकटीत डिंक लावायचा नाही आणि खिळ्यांनी चारही बाजू ठोकायच्या नाहीत. एवढे पाळले तर बाकीच्या बहुतेक चुका दुरुस्त करता येतात. हे मोडले तर कितीही सुबक केलेले दार वर्षभरात एकतर चिरते किंवा पिळते.

कारण साधे आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. ज्या सागवानी फळीच्या तोंडावर (कापलेल्या टोकावर) वर्षांच्या रेषा, म्हणजे झाडाच्या दरवर्षीच्या वाढीच्या खुणा, आडव्या पडलेल्या दिसतात, तिच्यातला ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.१९ टक्क्याने बदलते. रेषा उभ्या असतील तर जवळपास निम्मी, ०.१० टक्क्याने. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हवा कोरडीठाक. पावसाचा जोर मात्र बऱ्याचदा सप्टेंबरात. या दोन टोकांत घरातल्या लाकडाच्या ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक धरून चालावे. म्हणजे ३५५ मिमी रुंदीचे पॅनेल वर्षात सुमारे ३.३ मिमी आत-बाहेर करणार. फरक आणखी १ टक्का वाढला तर जवळपास ४ मिमी. ही हालचाल थांबवता येत नाही, तिला फक्त जागा ठेवता येते. पुढची सगळी मापे या ४ मिमीभोवती फिरतात.

लाकूड

दारासाठी पक्के सागवान घ्या. वखारीत फळी निवडताना रंगापेक्षा रेषा पाहा. उभ्या पट्ट्यांसाठी रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली हवी. गाठ, गाभ्याचा तुकडा किंवा तिरकी रेषा असलेली फळी पॅनेलच्या मधल्या फळ्यांत खपते, उभ्या पट्टीत खपत नाही. दार पिळते ते उभ्या पट्टीमुळे. कडेचा पांढरा भाग काढून टाका, त्याला कीड लवकर लागते.

वखारीतून आणलेले लाकूड त्याच दिवशी कापून जोडू नका. प्रत्येक तुकडा मापापेक्षा थोडा मोठा कापा, दोन्ही बाजूंनी अर्धवट रंधून घ्या आणि मध्ये बारीक पट्ट्या घालून आठ-दहा दिवस घरात रचून ठेवा. घरात म्हणजे घरातच. घरची कार्यशाळा बहुतेक पत्र्याखाली असते आणि उन्हाळ्यात पत्र्याखालची फळी टोकांकडून इतक्या झपाट्याने सुकते की तोंडाला चिरा पडतात. ठेवायला दुसरी जागाच नसेल तर टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासून ठेवा. ओलावा मोजायचे मीटर मिळाले तर ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान आकडा यायला हवा, आणि चौकट-पॅनेल यांत फार फरक नको.

दाराला पुढे रंगच द्यायचा असेल तर पॅनेल एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचे) करा. ते ऋतूप्रमाणे फारसे हलत नाही. फक्त कापलेल्या कडा नीट सील कराव्या लागतात.

मापे

खाली दिलेली मापे ४५० मिमी रुंद आणि ६०० मिमी उंच दाराची आहेत. चौकटीची जाडी २० मिमी, पट्टीची रुंदी ५५ मिमी.

उभ्या पट्ट्या: २ नग, ६४० × ५६ × २० मिमी
आडव्या पट्ट्या: २ नग, ४०० × ५६ × २० मिमी
पॅनेल: १ नग, ५०८ मिमी उंच, १८ मिमी जाड, रुंदी ऋतूप्रमाणे

पट्ट्या ५६ मिमी ठेवल्या आहेत, कारण जोडणीनंतर बाहेरच्या कडेवरून एक मिमी रंधून दार गुण्यात (काटकोनात) आणायचे असते. सगळी आखणी आतल्या कडेपासून करा. उभ्या पट्टीला दोन्ही टोकांना २० मिमी जादा ठेवले आहे. या शिंगांमुळे कुसू (आडव्या पट्टीच्या टोकाचा, उभ्या पट्टीत शिरणारा अरुंद भाग) ठोकताना टोक फाटत नाही; ती शेवटी कापायची. आडव्या पट्टीचा हिशेब असा: ४५० मधून दोन उभ्या पट्ट्यांचे ११० वजा, राहिले ३४०, त्यात दोन्हीकडचे ३० मिमीचे कुसू मिळवले की ४००.

एका दाराला २५ मिमी जाडीचे कच्चे लाकूड पाव घनफुटापेक्षा थोडे जास्त लागते. तूट धरून ०.३५ ते ०.४ घनफूट सांगा.

पॅनेलची रुंदी ठरवताना कॅलेंडर पाहावे लागते. चौकटीची आतली मोकळी रुंदी ३४०, खाच दोन्हीकडे १० मिमी खोल, म्हणून जास्तीत जास्त जागा ३६० मिमी. एप्रिल-मे महिन्यांत दार करत असाल तर पॅनेल ३५४ ते ३५५ ठेवा. ते पुढे फुगणारच आहे. सप्टेंबरात करत असाल तर ते आधीच फुगलेले असते, ३५८ चालते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, ३५६. उंचीत लाकूड हलत नसल्यामुळे तिकडे वर-खाली एकेक मिमी पुरतो, म्हणून बारा महिने ५०८ च. पॅनेलची रेषा नेहमी उभी.

चौकट

आधी चारही पट्ट्यांची दर्शनी बाजू पेन्सिलीने खूण करून ठरवा. पुढचे प्रत्येक माप आणि प्रत्येक यंत्राचा टेका त्याच बाजूने. हे पाळले तर खाच जाडीच्या बरोबर मध्यावर आली नाही तरी चारही कोपरे सपाट बसतात.

आतल्या कडेत ६ मिमी रुंद, १० मिमी खोल खाच पाडा, पुढून ७ आणि मागून ७ मिमी सोडून. यासाठी मोठे राउटर (फिरत्या बिटाने खाच पाडणारे यंत्र) लागत नाही. साइड गाइड लावलेला छोटा ट्रिमर आणि ६ मिमीचा सरळ बिट पुरे. तीन फेऱ्यांत खोली गाठा. एकाच फेरीत १० मिमी घातले तर बिट तापतो, खाच वाकडी जाते आणि बारीक बिट तुटूही शकतो. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. कार्बाइडचेच बिट घ्या. सागवानाचा भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो, मास्क लावल्याशिवाय काम करू नका.

काही जण ही १० मिमीची खाचच जोड म्हणून वापरतात, म्हणजे आडव्या पट्टीला १० मिमीचा आखूड कुसू. प्लायचे पॅनेल डिंक लावून बसवले असेल तर ते चालते, कारण प्लायच चौकट धरून ठेवतो. इथे पॅनेल मोकळे आहे, जोडाला कुणाचाही आधार नाही. रोज उघड-झाक होणाऱ्या स्वयंपाकघरातल्या दाराला ३० मिमीचा कुसू हवाच.

उभ्या पट्टीवर दाराच्या खऱ्या टोकापासून (शिंग सोडून) १२ मिमी जागा सोडा आणि तिथून ३३ मिमी लांबीचे कुसवाचे घर पाडा. रुंदी खाचेइतकीच, ६ मिमी. खोली आतल्या कडेपासून ३२ मिमी. ड्रिलने ओळीने भोके पाडून पटाशीने भिंती सरळ करा. तळाशी जादा ठेवलेले २ मिमी डिंकासाठी आहेत. ती जागा नसेल तर डिंक दाबला जाऊन कुसू शेवटपर्यंत जात नाही आणि खांद्याशी फट राहते.

कुसू ६ मिमी जाड, ३३ मिमी रुंद, ३० मिमी लांब. त्याच्या बाहेरच्या बाजूला जोडाच्या उरलेल्या १२ मिमीत १० मिमी लांबीचा छोटा तुकडा तसाच ठेवा. तो खाचेचे उघडे टोक भरतो. हा छोटा तुकडा विसरला तर दाराच्या वरच्या कडेवर चौकोनी भोक दिसते. कुसू हाताच्या जोराने आत जायला हवा. हातोडी लागली तर जाड आहे, आपणहून गळून पडला तर पातळ.

पॅनेल

तीन-चार फळ्या जोडून पाट तयार करा. १२० मिमीपेक्षा रुंद फळी टाळा, रुंद फळीला बाक लवकर येतो. सागवान तेलकट असते, त्यामुळे कडा ताज्या रंधून, थिनरने पुसून, तो उडाला की लगेच फेविकॉल लावा. आदल्या दिवशी रंधलेली कड नीट धरत नाही. मे महिन्यात दुपारी डिंकावर पाहता पाहता साय धरते. हे काम सकाळी सात-आठला उरकावे. क्लॅम्प तीन लावा, दोन खालून आणि मधला वरून, म्हणजे पाट वाकत नाही.

क्लॅम्प काढला तरी रंधायची घाई करू नका. डिंकातल्या पाण्याने जोडाजवळचे लाकूड फुगलेले असते. ते तसेच रंधून सपाट केले तर पुढे सुकल्यावर जोडाच्या जागी बारीक खोलगट रेषा दिसते, आणि पॉलिश चढल्यावर ती जास्तच उठून दिसते. किमान एक पूर्ण दिवस थांबा.

आता उठाव. पॅनेल १८ मिमी जाड आहे आणि त्याची पुढची बाजू चौकटीशी समपातळीत यायची आहे. त्यासाठी मागच्या बाजूने चारही कडांना १४ मिमी रुंद, ५ मिमी खोल पायरी काढा. पुढून मात्र कडेपासून ४० मिमीवर रेष आखा. ही मधल्या उठावाची कड. तिथे १.५ मिमीचा सरळ खांदा, मग बाहेरच्या दिशेने २८ मिमीचा उतार, आणि शेवटचे १२ मिमी सपाट जीभ, ६ मिमीला जराशी कमी, ५.८ मिमी जाड. हा उतार साधारण ११ अंशांचा येतो.

जीभ सपाट हवी, हा भाग लोक सर्रास गाळतात. उतार थेट टोकापर्यंत नेला तर कड पाचरीसारखी होते. पावसाळ्यात फुगलेली पाचर खाचेच्या भिंती फाकवते, उन्हाळ्यात तीच मागे सरकून खडखडते.

एक-दोन दारे असतील तर रंधा उत्तम. आधी वरची आणि खालची, म्हणजे आडव्या रेषेची बाजू करा. मग उभ्या बाजू. आडव्या रेषेत रंधा बाहेर पडताना कोपऱ्याची ढलपी निघते, ती जागा नंतरच्या उभ्या फेरीत साफ होते. क्रम उलटा केला तर ढलपी कायमची राहते. खांद्याची रेष धारदार सुरीने खोल कापा, सरळ पट्टी लावून बारीक दाताच्या करवतीने १.५ मिमी उतरवा आणि मग रंधा तिरका धरून उतार काढा. पाट उलटा-पालटा करताना खाली जुनी सोलापुरी चादर अंथरा, तयार बाजूवर ओरखडे येत नाहीत. खाच पाडलेला एक टाकाऊ तुकडा जवळ ठेवून तो चारही जिभांवरून सरकवत पाहा. जिथे अडेल तिथे दोन हात रंधा. कोपऱ्यात दोन उतार मिळतात ती रेष उठावाच्या कोपऱ्यातून पॅनेलच्या कोपऱ्यात नेमकी जायला हवी. ती सरकली असेल तर एका बाजूचा उतार जास्त खोल गेला आहे.

आठ-दहा दारे करायची असतील तर पॅनेल रेझिंग बिट (उठावाचा उतार काढणारा राउटरचा बिट) परवडतो. पण त्याचा व्यास ८० ते ९० मिमी असतो. तो अर्ध्या इंची शँकचा (दांड्याचा) असावा, राउटर टेबलात पक्का बसवलेला असावा आणि गती मिनिटाला १० ते १२ हजार फेऱ्यांवर उतरवलेली असावी. हातात धरून किंवा छोट्या ट्रिमरला लावून हा बिट कधीही चालवू नका. शँक कोलेटच्या (बिट पकडणाऱ्या नळीच्या) तळाला टेकवू नका, दोन-तीन मिमी वर उचलून आवळा. चार-पाच फेऱ्यांत खोली गाठा, लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवा. लाकूड काळपट जळाले तर बिट बोथट आहे किंवा तुम्ही मध्येच थांबलात.

जोडणी

पॅनेलचे पॉलिश जोडणीआधी करा, निदान सीलरचे दोन हात तरी, जीभ धरून आणि मागची बाजू धरून. जोडल्यावर पॉलिश केले तर पहिल्याच उन्हाळ्यात पॅनेल आक्रसते आणि दोन्ही बाजूंना फिकट, कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. एकाच बाजूला पॉलिश केले तर कोरी बाजू ओलावा लवकर घेते आणि पॅनेलला बाक येतो. भर पावसात लॅकर किंवा मेलामाइन मारू नका, पांढरट झाक धरते.

एकदा कोरडी जोडणी करून पाहा. मग पॅनेलच्या चारही कोपऱ्यांवर मेणबत्ती घासा, म्हणजे बाहेर आलेला डिंक तिथे चिकटणार नाही. डिंक फक्त कुसवाला आणि घराच्या भिंतींना. क्लॅम्प आडव्या पट्ट्यांच्या रेषेत दोन, बेताच्या जोराने. लगेच दोन्ही कर्ण मोजा. शिंगे आणि कडेचा जादा मिमी सोडून ४५० × ६०० च्या दाराला ते ७५० मिमी येतात. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प किंचित तिरका करून ओढा. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर एकेक सरळ लाकडी पट्टी ठेवून एका रेषेत डोळा लावा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर दार पिळलेले आहे. डिंक ओला आहे तोवरच ते सुधारते. टेबल सपाट नसेल तर दारही सपाट होत नाही.

डिंक सुकल्यावर मागून, वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर एकेक बारीक चूक (छोटा खिळा) ठोका, जी जिभेत जाईल. त्यामुळे पॅनेल मध्यावर धरलेले राहते आणि दोन्हीकडे सारखे हलते. शिंगे कापा, कडा रंधा.

३५ मिमीच्या ऑटो हिंजसाठी (दाराच्या मागे भोकात बसणाऱ्या बिजागरीसाठी) भोकाचा मध्य कडेपासून साधारण २२ मिमी आणि टोकापासून १०० मिमीवर घ्या. टोकापासून पहिल्या ७० मिमीत भोक घेतले तर ड्रिल थेट कुसवात शिरते. भोक १२ मिमीपेक्षा खोल नको, मागे ८ मिमी लाकूड राहिले पाहिजे. दोन दारांमध्ये मे महिन्यात ३ मिमी फट ठेवा, सप्टेंबरात २ मिमी पुरते. उभ्या पट्ट्याही थोड्या फुगतात.