माडीची लाकडी जमीन दुरुस्त करताय? या चुका टाळा

गणपतीत पुण्यात शनिवार पेठेत एका मित्राच्या वाड्यावर गेलो होतो. माडीवर आरतीला उभे राहिलो तर कोपऱ्यातल्या तीन फळ्या नव्या, चकचकीत आणि त्यांना लागून असलेली चौथी पायाखाली दबतीये. म्हणाला दोन वर्षांपूर्वीच बदलून घेतल्यात, सुतार म्हणाला होता आता बघायला नको. पलीकडे भिंतीला लागून त्यांची मोरी आहे. पाणी भिंतीतून मुरत होतं आणि ते कुणी बघितलंच नव्हतं.

पहिली चूक ही, आणि बाकीच्या चुका हिच्यापुढे फार लहान आहेत. जुन्या सागाची फळी आपोआप कुजत नाही हो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी धरतच नाही, गाभ्याच्या सागाला वाळवीसुद्धा सहसा लागत नाही, म्हणजे फळी कुजली याचा सरळ अर्थ तिथे पाणी येतंय. सरकलेलं कौल, फुटलेली पन्हळ, खिडकीतल्या कुंड्या, एसीचा पाइप, आणि वाड्यात तर बहुतेकदा मोरीच. मोरी तपासायची सोपी रीत म्हणजे जाळीत कापडाचा बोळा घट्ट कोंबा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा आणि चार तासांनी बघा. पाणी खुणेखाली उतरलं असेल तर ते कुठे जातंय ते शोधा, नवीन फळी नंतर.

मग खालच्या खोलीत जाऊन टॉर्च घेऊन कडीपाट (म्हणजे जाड तुळया, त्यांवरच्या कड्या आणि फळ्या) बघा, हे लोकं करतच नाहीत, सगळं लक्ष वरच्या पॉलिशकडे. काळे डाग, पांढरट बुरशी, भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या (ती वाळवी, साग सोडून शेजारचं साधं लाकूड खाते), किंवा जमिनीवर पिठासारखा भुसा पडलेला (तो भुंगेऱ्याचा). तुळईची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे दाभण टोचून बघा, कारण भिंतीतली ओल आधी टोकालाच लागते आणि मधली तुळई ठणठणीत दिसत राहते. दाभण अर्धा इंच सहज आत गेलं तर थांबायचं. तिथून पुढे सुतार नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि तोपर्यंत खालून टेकू द्या, त्या खोलीत माणसं झोपवू नका. नदीकाठच्या पेठांमध्ये खालचे खांबही बघा, १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात कित्येक वाड्यांत पाणी शिरलं होतं आणि तेव्हा भिजलेलं लाकूड नीट वाळलं का ते कुणी तपासलं असेलच असं नाही.

दुसरी चूक मला खरंच घाबरवते. फळ्या करकरतात म्हणून कंटाळून त्यावर काँक्रीट टाकून टाइल्स बसवायच्या. हिशोब करून बघा, दोन इंच काँक्रीट म्हणजे एका चौरस मीटरला साधारण १२० किलो, दहा बाय बारा फुटांची खोली साधारण अकरा चौरस मीटर धरली तर तेराशे किलोच्या वर वजन, त्यावर टाइल्स वेगळ्या, आणि हे सगळं शंभर वर्षं जुन्या तुळयांच्या डोक्यावर. शिवाय काँक्रीटचं पाणी लाकडात जातं आणि वरून बंद झाल्यामुळे वाळत नाही. ओलसर फळ्यांवर प्लॅस्टिकचं फ्लोअरिंग अंथरणं हीसुद्धा तीच चूक, फक्त वजन कमी.

करकर बंद करायला एवढं लागतच नाही. खिळा सैल झालाय आणि फळी कडीवर घासतीये, एवढंच असतं. आधी बारीक भोक पाडून पितळी स्क्रूनं फळी कडीला आवळा. नवीन लोखंडी खिळे ठोकत बसलात तर जुनी फळी चिरते आणि ओलीत खिळा गंजून भोवतीचं लाकूड काळं पडतं.

आता वेळेचं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. मेमध्ये घट्ट ठोकून बसवलेल्या फळ्या जुलैत एकमेकींना ढकलून उचलतात, आणि पावसाळ्यात बसवल्या तर उन्हाळ्यात फटी पडतात. दिवाळी ते संक्रांत हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो, तरी भिंतीकडे करंगळीएवढी जागा सोडाच. जुन्या बाजारातून किंवा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं लाकूड लगेच बसवू नका, त्याच खोलीत ठेवा, एक तुकडा किचनच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोला, वजन उतरायचं थांबलं की ते तयार. पाडलेल्या वाड्याचा जुना साग मिळाला तर उत्तमच, नव्यापेक्षा तो जुन्या फळ्यांशी रंगानंही जुळतो, फक्त आतले तुटके खिळे काढून घ्या नाहीतर करवत जाते.

फटींमध्ये फेविकॉल आणि भुसा भरू नका, एका पावसाळ्यात ढेपा निघतात. सागाच्याच पातळ पट्ट्या तासून बसवा आणि सरस एकाच बाजूला लावा म्हणजे दुसरी फळी हलायला मोकळी राहते. साग तेलकट असतो, सरस लावायच्या आधी थिनरनं पुसा.

वाटीसारखी कडा वर आलेली फळी लगेच घासून सपाट करणं हीपण चूक, कारण ती खालून ओली आहे म्हणून तशी झालीये, वाळली की बरीचशी परत बसते आणि तुम्ही कडा घासून टाकलेल्या असल्या की मग मधे उंचवटा राहतो. घासताना ४०, ६०, ८०, १२० नंबरचा पॉलिश पेपर क्रमानं, रेषांच्या दिशेनं. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका, मुलांना लांब ठेवा.

आणि अळशीचं तेल लावलं तर त्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात, खरंच घेतात, आणि वाडा सगळा लाकडाचा. दोरीवर सुट्ट्या वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

मित्रानं मोरी फोडून वॉटरप्रूफिंग करून घेतलंय. कोपऱ्यातल्या फळ्या काढून ठेवल्यात, खालची एक कडी टोकाला कुजलीये, इंजिनिअर येऊन बघून गेला आणि टेकू लावलाय. सुतारकाका दिवाळीनंतर येणार आहेत.