सिल्कीचा हिवाळा आणि पहाटेचा आरव

निफाड, सिन्नर, दिंडोरी पट्ट्यात पारा आठ-दहा अंशांखाली आला की सिल्की या मऊ पिसांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांची पहिली धावपळ असते ती खुराडे चारही बाजूंनी बंद करण्याची. त्यात शेजाऱ्याने कोंबड्याच्या आवाजाची तक्रार केलेली असेल, तर उरलीसुरली फटही गोणपाटाने बुजते. थंडीपेक्षा ही बंदिस्ती जास्त त्रास देते.

सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे बारीक आकडे नसतात. म्हणून ती कापसासारखी मऊ लागतात, पण पाणी अडवत नाहीत. काळी कातडी आणि काळी हाडे पाहून अनेक जण तिला कडकनाथसारखेच वागवतात. कडकनाथची पिसे घट्ट असतात, तो दवात फिरला तरी अंग झटकून मोकळा होतो. सिल्की ओली झाली की ओलीच राहते. कोरडी असली तर मोठी सिल्की निफाडची थंडी सहज सोसते. ओली असली तर पंधरा अंशांतही कुडकुडते.

त्यामुळे सकाळी दव उडाल्याशिवाय पक्षी बाहेर सोडू नका. जानेवारीत त्याला साडेनऊसुद्धा वाजतात. हिच्या पायांवरही पिसे असतात, ओल्या गवतातून दोन फेऱ्या मारल्या की पंजे चिखलाने लडबडतात. पाण्याचे भांडे पसरट नको. तोंडावरचा झुपका आणि दाढी त्यात बुडते आणि संध्याकाळपर्यंत गळा ओला राहतो. चोचीने दाबले की थेंबथेंब पाणी देणारे निपल लावणे उत्तम, नाहीतर अरुंद तोंडाचे भांडे विटेवर ठेवा. डोळ्यांवर येणारी पिसे कात्रीने थोडी कमी केली तर तिला दाणा नीट दिसतो.

सिल्कीला उडता येत नाही. उंच दांडीवर न बसता ती कोपऱ्यात, जमिनीवरच घोळका करून झोपते. म्हणजे तिचे अंथरूण हाच तिचा हिवाळा. भाताचे तूस किंवा कोरडा लाकडी भुसा चार ते सहा इंच जाड टाका आणि दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. मूठभर तूस दाबून त्याचा गोळा झाला तर ते बदलायला हवे. खुराड्यात बसून पाहा. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे, आणि जमिनीलगत झोपणाऱ्या पक्ष्याला तो तुमच्याआधी लागतो. पडदे वाऱ्याच्या बाजूने खालून वर बांधा, पण छताखाली वीतभर जागा सगळीकडे उघडी ठेवा. वारा अंगावर नको, हवा मात्र खेळती हवी.

कोळशाची शेगडी बंद खुराड्यात अजिबात नको, तिच्या विषारी वायूने पक्षी झोपेतच मरतात. मोठ्या पक्ष्यांना बल्बच्या उबेची गरजही नसते. ती लागते पिलांना: पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर साधारण ३५ अंश, मग दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. बल्ब साखळीने पक्का टांगा. तुसात पडलेल्या गरम बल्बने खुराडे पेटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी मूठभर मका भरडा द्यावा, रात्रभर अंगात ऊब राहते. जादा मात्र नको, चरबी चढते.

आता कोंबडा. तो उजेड पाहून आरवतो हा समज अर्धाच खरा आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळावर, पहाटेच्या सुमारासच आरवतात. म्हणजे अंधार करून आरव थांबत नाही. गाडीच्या हेडलाइटने किंवा रस्त्यावरच्या दिव्याने होणारा अवेळीचा आरव तेवढा कमी होतो. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि तो काढला की त्याच्या खालचा पुढाकार घेतो. सर्वांत दांडगा तेवढा विकून शांतता मिळत नाही, संख्याच कमी करावी लागते. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरे. फक्त अंडी खायची असतील तर एकही लागत नाही. सिल्कीत नर-मादी चार-पाच महिन्यांपर्यंत नीट कळत नाहीत, म्हणून पिले घेतानाच जादा नरांचे काय करायचे ते ठरवा.

अंडी वाढवण्यासाठी दिवे लावणाऱ्यांना एक सूचना. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. अंड्यांसाठी उजेडाचे चौदा तास पुरे करायचे तर जादा उजेड संध्याकाळी द्या. पहाटे चारला दिवा लावलात तर आरवही चारलाच सुरू होईल. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा तक्रार झाली तर बाजू शेजाऱ्याची भक्कम ठरते. कोंबड्याची रात्रीची जागा शेजारच्या खिडकीपासून दूर, तुमच्या घराच्या भिंतीआड असावी. आरवण्यासाठी मान उंच ताणता येऊ नये म्हणून काही जण बुटक्या पेटीत ठेवतात. पेटीला जाळीची बाजू असेल आणि सकाळी लगेच सोडणार असाल तरच ते करा. आरव दाबण्यासाठी गळ्यात आवळायचे पट्टे मी कुणालाही सुचवणार नाही.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली असेल तर या महिन्यात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून उरकून घ्या. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तोही फेब्रुवारीत. अचानक दोन-चार पक्षी मेले तर ते उघडू नका, विकू नका, आधी दवाखान्याला कळवा.