रेकॉर्डरचा डेली रिपोर्ट लावताना
पेपरलेस रेकॉर्डरवर (तापमान, फ्लो अशी मापं कागदाऐवजी मेमरीत नोंदवणारं यंत्र) बरेच जण नुसतं 'डेली' निवडून मोकळे होतात. मग रिपोर्ट रात्री बाराला तुटतो. रात्री ११ ते सकाळी ७ च्या शिफ्टचा पहिला तास एका तारखेत, उरलेले सात दुसऱ्या. पहिली शिफ्ट सकाळी ७ ला लागत असेल, तर रिपोर्टची वेळही ०७:०० ठेवा. तापमानाला सरासरी, कमाल, किमान पुरे. त्याची बेरीज कुणाच्या कामाची? खरी मेख फ्लोच्या, म्हणजे प्रवाहाच्या, बेरजेत. फ्लोमीटर घनमीटर प्रति तास दाखवत असेल, तर बेरजेच्या सेटिंगमधलं वेळेचं एककही 'प्रति तास'च हवं. 'प्रति मिनिट' राहिलं, तर तासाभरात वाहिलेलं १० घनमीटर पाणी रिपोर्टात ६०० दिसेल. आणि हो, आधी रेकॉर्डरचं घड्याळ जुळवून घ्या.