युद्धाची कारणे आणि परिणाम: वहीच्या दुमडलेल्या पानावर

नववी-दहावीतील मुलाला अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) समजावताना वऱ्हाडातील घरात सुरुवात कपाशीपासून करावी, कारण उत्तरेकडील राज्यांच्या आरमाराने फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केल्यावर इंग्लंडमधील लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव कडाडले. मात्र हा युद्धाचा परिणाम होय, कारण नव्हे. मुले नेमकी येथेच गल्लत करतात.

त्यासाठी वहीचे पान उभे दुमडून डावीकडे युद्धापूर्वीच्या आणि उजवीकडे नंतरच्या घटना तारखांसह लिहायला सांगाव्यात. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मुभा असावी की नाही हा अनेक वर्षे चिघळलेला वाद, नोव्हेंबर १८६० मधील अब्राहम लिंकन यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड आणि २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना या दक्षिणेकडील राज्याचे अमेरिकेपासून फुटून निघणे हे सारे डावीकडे येईल. १२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलायनातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर झालेला तोफांचा मारा मात्र घडीवरच लिहावा, कारण ती केवळ ठिणगी होती.

‘राज्यांच्या हक्कांसाठी युद्ध झाले’ असे मुलाने कोठून तरी वाचून आणल्यास (मोबाइलवर ते हमखास सापडते) त्याला न रागावता ‘कशाचा हक्क?’ एवढेच विचारावे आणि मिसिसिपी राज्याने फुटताना काढलेले निवेदन सोबत बसून वाचावे; आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे निगडित असल्याचे त्या राज्याने त्यात स्वतःच लिहिले आहे.